घाम न येणारी बाई

“ताई, हलू नका,” असं शिट्टी म्हणाली आणि मी हलले नाही. श्वाससुद्धा धरला. शिट्टी म्हणजे आमच्या जिममधली ट्रेनर. वय तेविसाच्या आसपास, गळ्यात कायम एक शिट्टी, जी तिने वाजवलेली मी आजवर ऐकलेली नाही. तिने मोबाइल आडवा धरला, एक डोळा बारीक केला आणि माझ्या दोन्ही हातांत एकेक किलोची गुलाबी डंबेल्स असताना माझा फोटो काढला. झालं, एवढंच. पण मी दचकले. कारण ‘हलू नका’ हे माझं वाक्य आहे. मी इस्पितळात एक्स-रे काढते. चोवीस वर्षं, दिवसाला साठ-सत्तर वेळा, मी ते लोकांना म्हणत आले आहे. हलू नका, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. झोपेतही म्हणते असं नवरा सांगतो. एकदा म्हणे त्याच्या छातीवर हात ठेवून मी इतक्या अधिकाराने ‘धरून ठेवा’ म्हणाले की त्याने बिचाऱ्याने धरूनच ठेवला, आणि मी काही ‘सोडा’ म्हणेना. आपलंच वाक्य असं दुसऱ्याच्या तोंडून अंगावर आलं की कळतं, ते ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल. वाटतं, आता आपण दिसणार.

शिट्टीने फोटो दाखवला. खोटं कशाला बोलू, छान आला होता. पोट आत, मान ताठ, केस जागच्या जागी, ओठांवर बेताचं हसू. एकोणपन्नासची बाई सरळ सरळ चाळिशीची दिसत होती. “किती फ्रेश दिसता तुम्ही,” शिट्टी म्हणाली, “बाकीच्यांचे फोटो काढायला गेलं की सगळ्यांचे चेहरे लाल आणि कपडे ओले. तुम्हाला घामच येत नाही.” मी हसले, थँक्यू म्हणाले, टॉवेलने कोरडाच चेहरा पुसला आणि घरी निघाले. रस्त्यात दुकानांच्या काचांमध्ये स्वतःला बघत चालले होते, आणि तिसऱ्या की चौथ्या काचेपाशी ते वाक्य पुन्हा डोक्यात आलं. घामच येत नाही. खरंच की. सहा आठवडे झाले मला जिमला यायला लागून. सहा आठवड्यांत एकदाही घाम आला नव्हता. आणि मी तिथे फिरायला गेले नव्हते, खांद्यासाठी गेले होते.

खांदा उजवा. आमच्या कामात शिशाचा एप्रन घालावा लागतो, सहा किलोचा, दिवसभर. चोवीस वर्षं तो एका खांद्यावर जरा जास्त विसावत गेला असणार. शिवाय यंत्र. खोली दोनमध्ये छताला रूळ आहेत आणि त्यांवरून सरकणारा एक भला मोठा भाग, ज्यातून किरणं बाहेर पडतात. त्याला आम्ही नुसतं ‘डोकं’ म्हणतो. पेशंट टेबलावर झोपला की डोकं वरून ओढून आणायचं, नेमकं त्याच्या दुखऱ्या जागेवर. नवी यंत्रं बटणाने हलतात. आमचं जुनं आहे, ते माणसाने ओढावं लागतं. वर्षभरापूर्वी ते मला जड वाटायला लागलं. मग हात खांद्याच्या वर जाईना. खालच्या मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरांनी मीच काढलेला माझा एक्स-रे बघितला (स्वतःचा खांदा स्वतः काढायचा हा एक वेगळाच सर्कशीचा प्रकार असतो) आणि म्हणाले, हाड ठीक आहे, स्नायू आळसावलेत, ताकद आणा. वरून खाली ओढायचा व्यायाम करा. जिममध्ये त्याचं मशीन असतं, वर एक दांडा, त्याला वजन अडकवलेलं. रोज करा, डोकं आपोआप खाली येईल. एवढं सोपं होतं ते.

पहिल्या दिवशी मी त्या मशीनवर बसलेही होते. पण ते मशीन कुणा गाढवाने जिमच्या बरोब्बर मध्यभागी ठेवलंय, आणि समोर आरसा, मागे आरसा. मी दांड्याला हात घातले आणि टी-शर्ट वर गेला. पोट बाहेर आलं. दंडाखालचं मांस लोंबायला लागलं, आणि लोंबत होतं तर लोंबत होतं, ते डुलायलाही लागलं. मग मी दांडा ओढला आणि माझा चेहरा बघितला. शिंक येता येता अडकलेल्या माणसाचा असतो तसा. एक डोळा मिटलेला, खालचा ओठ डावीकडे गेलेला, आणि जीभ, देवा, जिभेचं टोक बाहेर. शेजारच्या मशीनवर एक बाई होती, जिला मी मनातल्या मनात ‘जाहिरात’ म्हणते. ती व्यायाम करत असली की मशीनच तिच्याभोवती शोभेला ठेवल्यासारखं दिसतं. तिने माझ्याकडे बघितलं की नाही ते मला ठाऊक नाही. माझ्या मते बघितलं. मी उठले, दांड्याने डोक्याला एक टपली मारली, आणि त्या मशीनकडे पुन्हा फिरकले नाही. मग सायकल, हळू. मग खुर्चीत बसून गुलाबी डंबेल्स, कोपऱ्यात, जिथल्या आरशात कमरेवरचंच दिसतं. घरून निघताना केस नीट बांधायचे, ओठांना जरासं काहीतरी लावायचं, पोट आत घ्यायचं आणि चाळीस मिनिटं तसंच ठेवायचं. व्यायाम म्हणाल तर तोच एक होत होता.

चार दिवसांनी जिमच्या दारात मी उभी होते. म्हणजे दाराबाहेर मी उभी होते आणि दारावर माझा फोटो उभा होता, माणसाएवढा, खाली ठळक अक्षरांत: ‘सहा आठवड्यांत! तुम्हालाही जमेल!’ काय जमेल ते लिहिलं नव्हतं. शिट्टीने मला न विचारता लावला होता आणि वर माझ्या आनंदाची वाट बघत बाजूला थांबली होती. तिचा चेहरा बघून मला रागावता आलं नाही. खरं सांगायचं तर रागावायचंही नव्हतं. आत कुठेतरी मी फुगले होते. पण त्या दिवसापासून माझी पंचाईत सुरू झाली. आत येणारा प्रत्येक माणूस आधी फोटोतल्या बाईला बघायचा, मग मला. मी तिच्यासारखी दिसायला हवं होतं. मी नवीन टॉप घेतला, लांब, वर न सरकणारा. सायकल आणखी हळू केली. डंबेल्स उचलताना हसू लागले. वजन उचलताना हसणं किती अवघड असतं ते करून बघा. मी तर वजन जवळजवळ नसल्यासारखंच उचलत होते तरी गाल दुखायचे. एका बाईंनी मला विचारलं की तुम्ही खाता काय, आणि मी गंभीरपणे काहीतरी सांगितलं, काय ते आता आठवतही नाही.

हे माझं जुनं दुखणं आहे. नऊ वर्षांची असताना शाळेच्या शर्यतीत मी पहिली होते. चांगली दोन हात पुढे होते. आणि शेवटच्या दोरीपलीकडे मला फोटोवाले काका दिसले, एका गुडघ्यावर बसलेले, कॅमेरा डोळ्याला. माझी एक रिबीन सुटली होती. मी धावता धावता ती नीट केली. तिसरी आले. तो फोटो आईने चौकटीत घालून कपाटावर ठेवला होता, वर्षानुवर्षं, आणि येणारा जाणारा म्हणायचा, काय गोड आलाय हो. कितवी आली असं कुणी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. आईसुद्धा तशीच होती. ताप चढलेला असला तरी डॉक्टरकडे जाताना पावडर लावायची, आणि डॉक्टर म्हणायचे, तुम्हाला तर काहीच झालेलं दिसत नाही. मग ती घरी येऊन कण्हायची. वडील म्हणत, निदान डॉक्टरसमोर तरी आजारी दिस. आम्हाला तेव्हा फार हसू यायचं.

आणि एक्स-रेच्या खोलीत तरी दुसरं काय असतं. चोवीस वर्षं बघतेय. छातीचा एक्स-रे काढायचा असतो आणि माणसं भांग पाडतात. एका गृहस्थांनी मिशा चाचपल्या. पोट आत घेणारे तर दिवसाला दहा. एकीने विचारलं, हसू का? मी म्हटलं, हसा की, फक्त ते येणार नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. ते सांगायचे, “पेशंट छान दिसला की समज फिल्म बिघडली.” त्यांचं म्हणणं असं की जो दिसण्याची काळजी घेतो तो नीट उभा राहत नाही, दुखतं तिकडून अंग चोरतो, आणि नेमकं हवं तेच लपतं. त्याला थोडं हसवायचं, थोडं दमवायचं, मग तो सैल होतो, मग काढायचा. मी हे नव्या मुलींना शिकवते. तोंडपाठ आहे मला. आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन पोट आत घेते.

दारावर फोटो लागला त्याच आठवड्यात गुरुवारी खोली दोनमध्ये एक आजी आल्या. घरात पडल्या होत्या, कमरेच्या खुब्याचा फोटो हवा होता. दोन वॉर्डबॉयनी मिळून त्यांना टेबलावर निजवलं, कुशीवरून सरळ केलं, त्या ओठ चावत होत्या. मी डोकं ओढायला गेले. उजवा हात वर जाईना म्हणून डाव्याने ओढलं, त्यासाठी चुकीच्या बाजूला उभी राहिले, आणि डोकं हवं त्याच्या चार बोटं अलीकडे थांबलं. मला कळलं होतं. पण आणखी ओढायला जोर लावावा लागला असता, आणि मी स्वतःला म्हटलं, येईल एवढ्यात. नाही आलं. फिल्मवर खुब्याची खालची कड कापली गेली होती, मोडलेली असली तर तिथेच असणार होती. आमच्याकडे याला ‘रिपीट’ म्हणतात. पुन्हा निजवा, पुन्हा सरळ करा, पुन्हा किरणं. नव्या मुलींच्या हातून होतं. माझ्या हातून बारा वर्षांत झालं नव्हतं. मी आजींना सांगितलं की पुन्हा काढावा लागेल. “परत?” एवढंच म्हणाल्या त्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या वेळी डोकं शेजारच्या खोलीतल्या मुलीला बोलावून ओढून घेतलं.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख; कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण महिन्याच्या कामाचा तक्ता त्या करतात आणि तो त्यांनी केला की झाला. त्यांनी मला बसायला सांगितलं, खांद्याचं विचारलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच मी समजले. म्हणाल्या, रिपोर्टची खिडकी रिकामी होतेय, तिथली बाई सोडून जातेय. बसून काम. पाकिटं द्यायची, सही घ्यायची. “आणि तू कशी नीटनेटकी असतेस,” त्या म्हणाल्या, “खिडकीला शोभशील.” त्या मनापासून म्हणाल्या, अगदी कौतुकाने, आणि मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. मी म्हटलं, मला खोली दोनच हवी आहे. त्यांनी तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, पुढचा तक्ता भरून झालाय, त्यात तुला हलकं काम दिलंय. त्याच्यानंतरचा भरायला अजून सहा आठवडे आहेत. तेव्हा मी खोलीत येईन. माझ्यासमोर उजव्या हाताने डोकं ओढ. ओढलंस तर खोली दोन, नाही तर खिडकी.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बसगाड्यांची वेळापत्रकं आखतो, त्याला जगातली प्रत्येक गोष्ट किती वाजता ते आधी कळावं लागतं. खिडकीची वेळ विचारली, नऊ ते पाच ऐकून म्हणाला, “चांगली आहे की. दमणार नाहीस.” आणि मला एकदम रडू आलं. त्याला वाटलं खांदा दुखतोय, म्हणून तो मलम आणायला गेला, आणि मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत राहिले की मला नक्की कशाचं वाईट वाटतंय. मला ती खोली आवडते. अंधूक, थंड, दार बंद. माणूस आत येतो तो घाबरलेला असतो, आणि पाच-सात मिनिटं त्याचं सगळं माझ्या हातात असतं. मी त्याचा पाय वळवते, हनुवटी उचलते, खांदा दाबते. मग आतल्या काचेआड जाते आणि पडद्यावर ते उमटतं, जे त्याने स्वतःही कधी बघितलेलं नसतं. चोवीस वर्षांत मला त्याचा एकदाही कंटाळा आला नाही. चेहरे मी विसरते. बाजारात कुणी ओळख दिली तर मला आठवत नाही, पण पाठीचा कणा सांगितला तर आठवतो. खिडकीतून मला नुसते चेहरे दिसले असते, आणि त्यांना नुसता माझा. नवरा मलम घेऊन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, मला खिडकी नको आहे. तो म्हणाला, मग सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, रविवार धरून.

दुसऱ्या दिवशी मी शिट्टीला गाठलं आणि म्हटलं, मला त्या मधल्या मशीनवर बसव. तिने माझ्या नव्या टॉपकडे बघितलं. म्हणाली, “ताई, त्यात कपडे खराब होतील हो.” म्हणजे तीसुद्धा मला जपत होती, दारावरच्या फोटोसकट. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं, इतके दिवस तिला वाटत होतं की मी बारीक होण्यासाठी येते. ती ऐकत राहिली, मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, शिकवणाऱ्या माणसाचा होतो तसा. म्हणाली, सहा आठवडे तुम्ही गंमत करत होतात? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, बसा.

मी बसले. वर न सरकणारा तो टॉपही वर गेला, पोट बाहेर आलं, दंड डुलले. दांडा इंचभर आला आणि तिथे रुसला. आरशातली बाई तीच, अडकलेल्या शिंकेची. मी डोळे मिटले तर शिट्टी म्हणाली, मिटू नका, कोपर कुठे जातंय ते बघा. तेव्हा मग बघावंच लागलं. कोपर बघायचं म्हणजे चेहरा दिसणारच. पहिले दोन दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कामाच्या सवयीमुळे आली. कोपर बाहेर गेलं की ओठ डावीकडे जातो. कोपर बरोबर असलं की दोन्ही डोळे बारीक होतात आणि जीभ सरळ बाहेर येते. म्हणजे तो चेहरा उगीच नव्हता. त्यात माहिती होती. मी तो वाचायला लागले, फिल्म वाचावी तसा, आणि वाचायला लागल्यावर तो चांगला आहे की वाईट हे विचारायला सवडच राहिली नाही. आठव्या की नवव्या दिवशी दांडा छातीपर्यंत आला. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की सगळी जिम वळली. जाहिरातसुद्धा. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे, आणि ती इतकी मोठ्यांदा हसली की तिच्या हातातलं वजन निसटून धाडकन खाली गेलं. मलाही हसू फुटलं. दांडा सुटला, वजनं आदळली, शिट्टी ओरडली, आणि माझ्या मानेवरून, कानामागून, पाठीच्या मधोमध, घाम वाहायला लागला. भरपूर. मी तो पुसलाच नाही बराच वेळ.

नंतर जाहिरात पाणी प्यायला माझ्याजवळ येऊन बसली. तिला फार दिवसांपासून विचारायचं होतं म्हणे. दारावरच्या फोटोतली बाई तुमची कोण, बहीण का? मी तिच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा करत नव्हती. माझे केस कपाळाला चिकटले होते, टॉपवर नकाशे उमटले होते, चेहरा टोमॅटोसारखा झाला असणार. “हो, धाकटी,” मी म्हटलं. “चांगली दिसते,” ती म्हणाली. मी म्हटलं, दिसते, पण काही कामाची नाही. तिने मान डोलावली, आणि मग खालच्या आवाजात सांगितलं की तिला स्वतःला अवघड व्यायाम सगळ्यांसमोर करायला लाज वाटते, तो ती घरी करते, दार लावून. मला ती इतकी जवळची वाटली त्या क्षणी की विचारू नका.

बेचाळिसाव्या दिवशी मोठ्या बाई खोली दोनमध्ये आल्या. टेबलावर एक रंगारी होता, शिडीवरून पडलेला, मनगट सुजलेलं. मी त्याला निजवलं, हात नीट ठेवला, एप्रन सारखा केला. मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हातात पुढच्या महिन्याचा तक्ता. मी उजवा हात वर केला. खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला, आणि मुठीत डोक्याची कड आली. ओढलं. पहिल्यांदा ते हललं नाही. त्या जुन्या रुळांना रोज सकाळी थोडा राग असतो. मी पाय रोवले, कोपर आत घेतलं, दोन्ही डोळे बारीक झाले ते मला कळलं, जीभ बाहेर आली तीही कळली. समोर आरसा नव्हता पण मला काय दिसतंय हे पक्कं ठाऊक होतं. रंगारी खालून माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत सरळ सरळ काळजी उतरली. त्याने आपला चांगला हात उचलला आणि म्हणाला, “बाई, मी लावू का हात?”

“नको,” मी म्हटलं, “येतंय.”

आणि आलं. रुळांवरून घरंगळत, वरून खाली, त्याच्या मनगटावर, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही. मी कड सोडली तेव्हाही हात वरच होता. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“अगं, तुझं तोंड काय झालं होतं, ठाऊक आहे का तुला?”

“ठाऊक आहे.”

“रोज असं तोंड करून काम करणार?”

“रोज,” मी म्हटलं.

त्यांनी पेन मागितलं. मी एप्रनखालच्या खिशातून काढून दिलं, आणि तक्ता टेबलाच्या कडेवर ठेवून त्यांनी खोली दोनसमोर माझं नाव लिहिलं.